पिशवी खाली, मूत्राशय वर

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय लघवीचा आहे. जेवायला बसला असाल तर आवाज थोडा बारीक करा, पण रेडिओ बंद करू नका.

कॅथेटर आणि युरिन बॅग म्हणजे काय, हे सांगत बसत नाही. घरात एखादं मोठं दुखणं काढलेल्या कुणालाही ते ठाऊक असतं. मूत्राशयात घातलेली नळी, तिला जोडलेली दोन लिटरची पिशवी, पिशवीला खाली तोटी. त्यात मोटर नाही, पंप नाही. सगळा कारभार उतारावर चालतो. म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा: पिशवी खाली, मूत्राशय वर. दवाखान्यातल्या पलंगावर हे आपोआप जमतं. पेशंट पलंग सोडून गावात हिंडायला निघाला, की खरी परीक्षा.

आमचे अप्पा निघाले. तेव्हा सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत व्हायचा. अप्पांना प्रोस्टेटचा त्रास, ऑपरेशनला अवकाश, तोवर नळी. डॉक्टर म्हणाले, थोडं हिंडाफिरायला हरकत नाही. अप्पांनी त्याचा अर्थ 'सवाईला जायला हरकत नाही' असा काढला. आणि तेही भारतीय बैठकीत. खुर्चीचं नाव काढलं तर म्हणाले, "खुर्चीत बसून हिशेब लिहितात. गाणं मांडी घालून ऐकायचं."

गेलो. सतरंजीवर बसलो, पिशवी शेजारी शालीखाली. तासाभरानं अप्पा चुळबुळ करायला लागले. हात ओटीपोटावर, कपाळाला आठ्या. मला वाटलं, गाणं पसंत नाही. (हल्ली ध्वनिक्षेपक इतका चढा ठेवतात की तानपुरेसुद्धा अंगावर येतात, पण तो विषय वेगळा.) शेवटी म्हणाले, "अरे, पोट फुगलंय." शाल बाजूला करून बघतो तर पिशवी जवळजवळ कोरडी! मांडी घातलेल्या माणसाचं मूत्राशय जमिनीपासून असं कितीसं उंच असणार? पिशवी त्याच पातळीला, नळी मध्येच वेटोळं घालून बसलेली. उतारच नाही, तर वाहणार कुठून?

त्यांना उभं केलं, तशी पिशवी धो धो भरली. अप्पांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते त्या संध्याकाळी कुठल्याही गवयाला मिळवता आलं नव्हतं.

घरी बैठक बसली. मी म्हटलं, चौरंग नेऊ. आई उसळली, "गणपतीचा चौरंग? त्या पिशवीसाठी?" तो विषय तिथेच संपला. मग मोरीतलं आंघोळीचं स्टूल निघालं, फूटभर उंचीचं, लाल प्लॅस्टिकचं. आईनं साडीच्या दुकानाची एक कापडी पिशवी दिली. तिच्यात युरिन बॅग, म्हणजे जमिनीला टेकायला नको आणि कुणाला दिसायलाही नको. दुसऱ्या दिवशी दारावरच्या मुलानं विचारलं, "काका, आत काय? ताक?" अप्पा म्हणाले, "तसंच समज, पण मागू नकोस."

स्टुलावर बसल्यावर अप्पांचं डोकं इतरांपेक्षा वर आलं. मागून लगेच आवाज: "अहो काका, खाली बसा, दिसत नाही!" अप्पांनी मान न वळवता विचारलं, "ऐकायला आलात की बघायला?" पुढचे तीन तास नळी वाहती, गाणंही वाहतं. पिशवी खाली, मूत्राशय वर.

डॉक्टरांना कळल्यावर मात्र बोलणी खाल्ली. पातळी चुकली तर लघवी उलटी फिरते, जंतू आत जातात. बऱ्याच पिशव्यांना एकेरी झडप असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. रिक्षात पिशवी मांडीवर घेऊ नका. दोन तृतीयांश भरली की ओता. आणि कुठे ओतायची, हे पुण्यात विचारू नका. धड स्वच्छतागृह शोधेपर्यंत पिशवी भरते.

वेळ थोडाच उरलाय, तेवढ्यात अंतराळात जाऊन येऊ. तिथे खाली-वर हा प्रकारच नाही. सतरंजीवर अप्पांचं जे झालं, ते तिथे चोवीस तास. म्हणून नरसाळ्याच्या नळीत पंख्यानं हवा ओढतात आणि हवेबरोबर लघवी जाते. तिचं पुन्हा पिण्याचं पाणी करणारं यंत्र २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेलं. आपल्याकडे पातेल्यात पाणी तळाशी राहतं, तिथे ते तरंगेल. म्हणून पिंपच गरगर फिरवतात, लघवी कडेला चिकटते, आणि कमी दाबाखाली तिची वाफ काढतात.

जमिनीवर सगळं छान चाललं होतं, वर जाऊन यंत्र तुंबलं. कारण अंतराळात माणसाच्या हाडांतलं कॅल्शियम झिजून लघवीत उतरतं. लघवी टिकवायला घातलेलं सल्फ्युरिक आम्ल त्याला भेटलं आणि जिप्सम तयार झालं. बोअरच्या पाण्यानं गिझरची कॉइल पांढरी होते ना, तसंच. मग आम्ल बदललं, फॉस्फोरिक आणलं. २०२३ मध्ये नासानं सांगितलं, स्थानकावरचं ९८ टक्के पाणी आता परत वापरात येतं.

२०२४ मध्ये त्या यंत्राचा पंप बिघडला. नवा पंप घाईनं पाठवायचा होता आणि यानात जागा नव्हती. तेव्हा सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर यांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवून तो चढवला. आठवडाभराची तर सफर, वर ठेवलेले जादा कपडे चालतील, असा हिशेब. दोघं परतले ते मार्च २०२५ मध्ये. नमस्कार.