मांजराच्या अंगावरून हात फिरवताना

नमस्कार, श्रोतेहो.

पोटभर खाऊन झालं की मांजर काय करतं, हे मांजर पाळणाऱ्यांना सांगायला नको. आधी ओठ चाटतं. मग पुढचा एक पंजा उचलून जिभेनं ओला करतं आणि गालावरून, डोळ्यावरून, कानामागून फिरवतं. पंजा कोरडा पडला की पुन्हा ओला. एक बाजू झाली की दुसरा पंजा, दुसरा गाल. मग खांदे, छाती, कुशी, मागचा पाय ताठ वर करून पोट आणि मांड्या, आणि शेवटी शेपूट, अगदी टोकापर्यंत.

जागेपणीचा बराच वेळ मांजर या कामात घालवतं. त्याच्या तब्येतीची पहिली खबरही बहुतेक वेळा इथूनच लागते. कारण मांजर दुखणं लपवतं. कुत्र्याला लागलं की ते केकाटतं, लंगडत आपल्याजवळ येतं. मांजर गुपचूप पलंगाखाली जाऊन बसतं. ते शिकारी आहे खरं, पण मोठ्या जनावरांची शिकारही होऊ शकतं, आणि अशक्तपणा दिसू न देण्यातच त्याच्या पूर्वजांचा जीव वाचत आला. घरात सुखानं राहणाऱ्या मांजराचीही ही सवय सुटलेली नाही. तेव्हा आपणच बघायला शिकायला हवं.

सुरुवात जिभेपासून करू. मांजरानं हात चाटला की काचकागद घासल्यासारखं वाटतं. त्या जिभेवर घशाच्या दिशेनं वळलेले बारीक काटे असतात, आपली नखं ज्याची बनतात त्या केराटिनचेच. हे काटे टोकाशी खोलगट असतात, त्या खोलगटीत लाळ आपोआप चढते आणि दाट केसांखाली थेट कातडीपर्यंत पोचते, हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं. त्यानं मळ निघतो आणि लाळ वाळताना अंग थंडही होतं.

पण काटे मागे वळलेले असल्यामुळे त्यांत अडकलेला केस मांजराला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे निघून जातात. उरलेल्यांचा पोटात गोळा होतो आणि कधीतरी उलटून पडतो. त्याला गोळा म्हणायचं, पण अन्ननळीतून आल्यामुळे तो लांबोडका असतो. अधूनमधून असं झालं तर घाबरायचं कारण नाही. वारंवार होऊ लागलं, किंवा मांजर उमासे काढतंय, पण बाहेर काही येत नाही आणि खाणंही सुटलंय, असं असेल तर मात्र डॉक्टरांकडे न्यायला हवं.

इथे एक गल्लत फार होते. मांजर जमिनीलगत दबून बसतं, मान पुढे ताणतं, खोकल्यासारखा आवाज करतं, आणि काहीच पडत नाही. घरचे म्हणतात, केस अडकला असेल. पण मांजराला दमा होतो आणि त्याची उबळ अगदी अशीच दिसते. डॉक्टरांच्या टेबलावर मांजर नेमकं खोकणार नाही, म्हणून असं काही दिसलं की आधी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा.

केस विंचरणं हा पोटात जाणारे केस कमी करायचा साधा उपाय. लांब केसांच्या मांजराला रोज विंचरावं, आखूड केसांच्याला आठवड्यातून एकदोनदा पुरतं. काखेत, कानामागे, मांड्यांच्या आत जटा होतात. कृपा करून त्या कात्रीनं कापू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, जटेबरोबर ती वर ओढली जाते आणि कात्रीत सापडते. जट बोटांनी हळूहळू मोकळी करा, नाहीच झाली तर डॉक्टरांकडून मशीननं काढून घ्या. आंघोळ मात्र निरोगी मांजराला सहसा लागत नाही.

विंचरण्याचा खरा फायदा मला वेगळाच वाटतो. त्या निमित्तानं आपली बोटं मांजराच्या सगळ्या अंगावरून फिरतात. शेपटीच्या बुडाशी काळे कण लागले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर टिपून बघा. लालसर तपकिरी डाग उठला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. गुदद्वाराजवळ तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे दिसले तर पट्टकृमी. या दोन्हींचा संबंध आहे: अंग चाटताना मांजर पिसू गिळतं आणि त्या पिसवेतून कृमी पोटात जातो. म्हणून नुसतं जंताचं औषध देऊन भागत नाही, पिसवाही घालवाव्या लागतात. पोटावरचे केस विरळ होऊन टक्कल पडलं असेल तर ते मांजर तिथे प्रमाणाबाहेर चाटतंय. ताणामुळे मांजरं असं करतात हे खरं, पण त्याआधी पिसवांची ॲलर्जी, त्वचेचा आजार, मूत्राशयाचं दुखणं हे सगळं तपासायला हवं.

आणि चाटणं कमी झालं तर?

आमची मनी १४ वर्षांची आहे. तिच्या कमरेवरचे केस राठ दिसायला लागले, शेपटीच्या वर कोंडा धरला. बाकीचं अंग चकचकीत. त्याच सुमारास लक्षात आलं की खिडकीत जाताना ती आता थेट उडी मारत नाही. आधी स्टुलावर चढते, तिथे घटकाभर थांबते, मान वर करून अंतराचा अंदाज घेते आणि मग खिडकीत जाते. डॉक्टरांनी मागच्या पायाचे सांधे हळूच वाकवून बघितले. संधिवात होता. पाठ वळवून चाटणंच तिला जमत नव्हतं, म्हणून तेवढाच भाग मळलेला. औषध सुरू झालं, खिडकीपाशी एक पायरी आली, आणि तो कमरेचा भाग आता रोज संध्याकाळी मी विंचरते. फणीचा दात अलगद फिरला की ती हनुवटी वर करते आणि पुढच्या पंज्यांची बोटं पसरते. लठ्ठ मांजरांचंही असंच होतं, त्यांची जीभ तिथवर पोचत नाही. म्हातारं झालं, आळशी झालं, असं म्हणून या खुणेवर पडदा टाकू नका.

नखांबद्दल थोडक्यात. पुढच्या पंज्यांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी एकूण १८ नखं. घरात नखाचं पोकळ टरफल सापडलं तर ती नखाची जुनी कात, काळजी नको. कापायचं ते फक्त पारदर्शक टोक, आतल्या गुलाबी भागाला धक्का न लावता. म्हाताऱ्या मांजराचं अंगठ्याचं नख मात्र जरूर तपासा. ते जमिनीला टेकत नाही, झिजत नाही, आणि गोल वळून पंजाच्या मऊ गादीत रुतू शकतं.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका. अंगाला जे लागेल ते मांजराच्या पोटात जातं. फुलदाणीतल्या लिलीचे पराग पाठीवर पडले, मांजरानं ते चाटले, एवढ्यानंही त्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजर असलेल्या घरात लिली आणूच नये. फिनाईलनं पुसलेल्या ओल्या फरशीवरून चाललेले पंजेही चाटले जातात. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या थेंबांत परमेथ्रिन असेल तर ते मांजराला झटके आणतं. आणि माणसांची पॅरासिटामॉल: ती निकामी करून बाहेर टाकायची यंत्रणा मांजराच्या यकृतात फार तोकडी असते. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. ताप वाटला म्हणून आपल्या डब्यातलं औषध मांजराला कधीही देऊ नका. त्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, ३८ ते ३९ अंश सेल्सिअस.

तेवढीच घाई बोक्याच्या लघवीची. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जाऊन बसतोय, जोर करतोय, ओरडतोय, सारखा मागे चाटतोय, आणि वाळू कोरडीच. पुष्कळांना वाटतं बद्धकोष्ठ आहे, बघू उद्या. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती खड्यांनी किंवा चिकट बुचानं बंद होते. मग रक्तात पोटॅशियम साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात, आणि एकदोन दिवसांत बोका जातो. नसबंदी झालेल्या बोक्यालाही हे होतं. सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या. वेळेत नेलेले बहुतेक बोके बरे होतात, म्हणून मी इतकं कळकळीनं सांगतेय. ट्रे रोज साफ करायचा तो वासासाठी तर आहेच, पण आज लघवीचे गोळे किती आणि केवढे, हे त्यातच कळतं. गोळे अचानक मोठे झाले, पाण्याची वाटी लवकर रिकामी व्हायला लागली, तर मूत्रपिंड, मधुमेह किंवा थायरॉइड तपासायला हवं. उतारवयातलं मांजर भरपूर खातंय आणि तरी वाळतंय, तेव्हा संशय आधी थायरॉइडवर.

मांजर डोळे मिटून दूध पितं ही म्हण आपल्या तोंडी बसलेली आहे, पण वाढलेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. पाणी पुरे. कुत्र्याचं खाणंही रोज घालू नये. टॉरीन नावाचं द्रव्य मांजराला अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की हृदय पसरून दुबळं होतं, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी १९८७ साली दाखवून दिलं, आणि त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात ते वाढवलं गेलं. आणि उपास मांजराला मानवत नाही. लठ्ठ मांजर दोनतीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि यकृतच बंद पडायला लागतं. एक दिवस तोंडात काही घेतलं नाही की फोन करा.

वजन ही शेवटची गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त दुर्लक्षित. चार किलोच्या मांजराचं ४०० ग्रॅम वजन गेलं तर ते दहा टक्के झालं. साठ किलोच्या माणसाचं सहा किलो गेलं तर घरात सगळे विचारतील, मांजराचं मात्र केसांखाली दिसतही नाही. टोपलीत बसवून वजनकाट्यावर ठेवा, टोपलीचं वजन वजा करा, आणि तारीख घालून वहीत लिहा. महिन्यातून एकदा पुरे. दवाखान्यात जाताना ती वही पिशवीत टाका आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आधीच त्यांच्यापुढे उघडून ठेवा.

नमस्कार.