पणजीचे आई-बाप कोण? १९५१ च्या जनगणनेतून माहेर शोधताना

नमस्कार मंडळी, आज जरा घरचाच विषय. आमच्या भावकीतल्या एका काकांनी सात पिढ्यांची वंशावळ काढलीय, मोठ्ठा फ्लेक्स करून जत्रेला लावली होती, आणि त्या अख्ख्या फ्लेक्सवर बाई एकसुद्धा नाही. म्हणजे सात पिढ्या बापांनीच जन्माला घातल्या. तेव्हाच डोक्यात आलं की माझी पणजी, म्हणजे आजोबांची आई, तिचे आई-बाप कोण ते शोधायचं. आत्याला विचारलं तर तिला एवढंच माहिती की आजीचं लग्न मानमोडीच्या, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझा साथीच्या साली झालं. माहेरचं आडनाव? "असंल काहीतरी." झालं.

आता तुमच्यापैकी बरेच जण कमेंटमध्ये विचारता की इंग्लंडमध्ये लोक जुन्या जनगणनेत पणजोबांचं अख्खं घर बघतात, आपल्याकडे का नाही. तिकडे १०० वर्षं झाली की घराघरांचे फॉर्म खुले करतात, १९२१ चे फॉर्म २०२२ च्या जानेवारीत खुले झाले. आपल्याकडे १८७२ ला गणना झाली, १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत गेली, पण आकड्यांचे तक्ते छापले आणि घरोघरचे कागद ठेवलेच नाहीत. आणि स्वतंत्र भारताचा जनगणना कायदा १९४८ चा, त्याच्या कलम १५ प्रमाणे ते कागद कुणाला बघताही येत नाहीत. म्हणजे दार बंद.

पण एक खिडकी उघडी राहिलीय, १९५१ ची. त्या गणनेच्या वेळी स्लिपांवरची माहिती उतरवून गावोगाव एक वेगळं रजिस्टर केलं होतं, नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर. हो, आसामच्या बातम्यांमध्ये ऐकलेलं तेच एनआरसी. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायला सगळी यंत्रणा लागली तेव्हा कुठली कागदपत्रं तपासायची त्या यादीत हे १९५१ चं रजिस्टर पण होतं. सगळ्याच तालुक्यांत शिल्लक आहे असं नाही, पण तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. नुसतं "जनगणना" म्हणालात तर नाहीच म्हणून सांगतील, मला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा पूर्ण नाव लिहून अर्ज दिला तेव्हा जुन्या कागदांचा बस्ता निघाला.

तर आमचं घर सापडलं. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, धंदा. पणजोबा आहेत, पणजी आहे, वय ४५, आणि तिच्यापुढे अर्थातच नवऱ्याचं नाव. बापाचा पत्ता नाही! मी चिडून रजिस्टर मिटणारच होते, मग त्याच घराच्या शेवटच्या ओळीवर नजर गेली. एक माणूस, वय २५, धंदा शेतमजुरी, आडनाव वेगळंच. आमच्या घरात दुसऱ्या आडनावाचा पोरगा काय करतोय? आणि तो पुरुष असल्यामुळे त्याच्यापुढे बापाचं नाव होतं. बाईचं माहेर शोधायचं तर बाईच्या ओळीत नाही, तिच्या घरात राहिलेल्या परक्या आडनावाच्या माणसाच्या ओळीत शोधायचं, हे मला तिथे त्या टेबलावर कळलं.

मी लगेच ठरवून टाकलं की हा पणजीचा भाऊ आणि याचा बाप तोच पणजीचा बाप. चुकलं होतं ते, सांगते कसं.

गाव कुठलं ते आधी पाहिजे ना. ते आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मिळालं. जन्मतारीख १ जून १९२४, म्हणजे मास्तरांनी टाकलेली, आपल्या सगळ्यांच्याच आजोबांचा वाढदिवस १ जूनला असतो. पण जन्मस्थळ म्हणून आमचं गाव नव्हतं, नदीपलीकडचं दुसरंच गाव होतं. पहिलं बाळंतपण माहेरी! म्हणून थोरल्या मुलाचं जन्मस्थळ कायम बघा, दाखल्यावर नसलं तर शाळेच्या जनरल रजिस्टरला बघा.

मग त्या गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, गाव नमुना १४, विदर्भात तुम्ही कोतवाल बुक म्हणता तेच. हे मोडीत असतं, मला मोडी अक्षर न् अक्षर लावत वाचावं लागतं, त्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही आणि आधी रेघ ओढून सगळे शब्द एकाला एक चिकटवलेले, म्हणून एका मोडीवाचक काकांना सोबत घेतलं. ४५ वय म्हणजे जन्म १९०६, पण त्या काळी वय विचारलं की लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असं गोलच सांगायचे, म्हणून १९०१ ते १९११ सगळं चाळलं. त्या पोराच्या बापाला त्या दहा वर्षांत एकही मुलगी नाही. मुलीचं नाव नसतंच हां, नुसतं "मुलगी" आणि बापाचं नाव, आईचा तर विषयच नाही.

काका मात्र पुढे १९२६ ला गेले, त्या पोराच्या जन्मावर बोट ठेवलं आणि वाचलं, "अमुक बिन तमुक". बिन म्हणजे चा मुलगा, बाईला कोम लावतात, म्हणजे ची बायको. पोराच्या बापापुढे त्याच्या बापाचं नाव होतं. आणि पोराच्या त्या आजोबाच्या नावावर १९०५ ला "मुलगी". म्हणजे तो पोरगा भाऊ नव्हता, भाचा होता, आत्याकडे येऊन राहिलेला. वीस वर्षांचं अंतर बघूनच मला शंका यायला पाहिजे होती. मी एक पिढी चुकत होते.

बाप मिळाला, आता आई. तो माणूस मानमोडीच्या आधीच वारलेला, म्हणजे १९१८ च्या आधी. वारला म्हणजे जमिनीला वारस लागले असणार, म्हणून गाव नमुना ६, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, फेरफार काढला. स्क्रीनवर दिसतोय बघा, नाव मी झाकलंय, कारण त्या गावचे लोक पण व्हिडिओ बघतात. वारस म्हणून मुलाचं नाव, तो लहान, म्हणून पुढे "अ.पा.क. आई", अज्ञान पालन करणारी, आणि मग तिचं नाव. तिचं स्वतःचं नाव! पोरगा सज्ञान असता तर हिचं नाव या कागदावर आलं असतं का, मला नाही वाटत.

नक्कल घेऊन थेट आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून नाव वाचलं, परत वाचलं आणि म्हणाली, अगं हे तर धाकटीचं पाळण्यातलं नाव, आजीने ठेवलेलं, आम्हाला कुणालाच आवडायचं नाही म्हणून शाळेत बदललं.