वातीची बाजू

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर 'मेणबत्ती उद्योग आणि घरातली सुरक्षितता' असं छापलंय. तिकडे येतोच. आधी ते पंखे जरा बंद करता का? एक प्रयोग आहे. (कुजबुज) पंखा बंद म्हटलं की निम्मी सहानुभूती जाते, ठाऊक आहे मला.

ही मेणबत्ती विझवली. पांढरा धूर वर चाललाय, दिसतोय ना? आता पेटती काडी त्या धुरात धरतो, वातीला न लावता. पेटली! (टाळ्या) टाळ्या मायकेल फॅरेडेला द्या. 1860च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यानं मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. सहा! इथे माझा परिचयच संपता संपेना.

तो धूर म्हणजे मेणाची वाफ, आणि जळते ती वाफच. वितळलेलं मेण वर चढवायचं, नेमकं हवं तेवढं, हे काम वातीचं. वात जाड झाली तर काजळी धरते, बारीक झाली तर स्वतःच मेणात बुडते. धंद्यातलं सगळं शहाणपण त्या सुतात आहे, आणि गिऱ्हाईक मेणबत्ती घेतं वास हुंगून!

युरोपात पूर्वी सामान्य घरांत जनावराच्या चरबीच्या बत्त्या असत. पिळाची वात ज्योतीत ताठ उभी राही, तिचा कोळसा होई, धूर सुटे. मग खास कात्रीनं तिचा शेंडा सारखा छाटायचा. नाटकगृहात त्यासाठी माणूस नेमलेला असे. नायकाचं पल्लेदार स्वगत रंगात आलंय आणि हा बाबा कात्री घेऊन मधेच रंगमंचावर! चांगली वात कापली की प्रेक्षक त्यालाही दाद देत म्हणे. आपल्याकडे असता तर त्यानंही वन्समोअर घेतला असता.

मग फ्रान्समध्ये शेव्हरल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं चरबीतून ग्लिसरीन वेगळं काढलं. उरलेल्या स्टिअरिक आम्लाची बत्ती कडक, पांढरी आणि कमी वासाची. हा गृहस्थ 102 वर्षं जगला, आयफेल टॉवरवर त्याचं नाव कोरलंय. पण 1825च्या सुमारास ज्यानं वात वेणीसारखी विणली, त्या काम्बासेरेसला कोण ओळखतं? विणलेली वात जळताना एका बाजूला वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला, भरपूर हवेत येतं आणि आपोआप जळून जातं. कात्रीवाल्याची नोकरी गेली ती या वाकण्यामुळे.

आता माझं गाऱ्हाणं. हल्ली सत्काराला शाल-श्रीफळाबरोबर काचेच्या बरणीतली सुगंधी मेणबत्ती देतात. परवा मला मिळालेली एवढी रुंद, आणि वात शिवणाच्या दोऱ्याएवढी! मधोमध विहीर पडली, ज्योत तळाशी गुदमरली, कडेचं मेण जसंच्या तसं. वरच्या चिठ्ठीवर लॅव्हेंडरचं कौतुक, वातीबद्दल अक्षर नाही. तेव्हा आयोजकांनो, आज नारळ पुरे. (हशा)

अरे, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू!

उद्योग: आजचं बहुतेक मेण पॅराफिन, म्हणजे तेलशुद्धीकरणातून येणारं. आसामचं दिगबोई त्यासाठी जुनं नाव. आपल्याकडे हा धंदा लहान कारखान्यांचा आणि बचत गटांचा. मेणबत्त्या फक्त लघुउद्योगांनीच बनवायच्या, हे आरक्षण 2015मध्ये उठलं. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं मिळतात, त्यावर खरं तर तासभर बोलायचं होतं. राहिलं. पण एक सांगतोच. डिसेंबर 2023मध्ये पिंपरी-चिंचवडच्या तळवड्यात केकवरच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्यांच्या कारखान्यात आग लागली, तिथं काम करणाऱ्या बायका गेल्या. त्या वस्तूत फटाक्याची दारू असते. तिला मेणबत्ती म्हणायचं आणि फटाक्याची काळजी घ्यायची नाही, हे चालणार नाही.

आता घर. पेटवण्याआधी वात पाव इंच ठेवा, जास्तीची कापा. बरणीतली असेल तर पहिल्यांदा मेण कडेपर्यंत वितळू द्या, पण सलग चार तासांच्या वर नको. तळाशी अर्धा इंच मेण उरलं की रामराम. पडदा, ओढणी, वाऱ्याची खिडकी यांपासून दूर. फ्रिजवर किंवा प्लास्टिकच्या डब्यावर चिकटवू नका, बशीत ठेवा. झोपताना विझवा, वीज आलेली नसली तरी.

दिवाळीत मेणाच्या पणत्या दाटीवाटीनं मांडता ना? एकमेकींच्या उष्णतेनं मेण पातळ होतं आणि अख्खी पणतीच पेटते. वीतभर अंतर ठेवा. पेटलीच तर पाणी ओतायचं नाही! पाणी तापलेल्या मेणाखाली जातं, क्षणात वाफ होते आणि जळतं मेण छतापर्यंत उडतं. वर धातूचं झाकण ठेवा आणि थंड होईपर्यंत उघडू नका. पाणी लागतं ते भाजलेल्या हाताला, नळाखाली वीस मिनिटं. त्यावर टूथपेस्ट नको, हळद नको, बर्फ नको, आणि चिकटलेलं मेण ओरबाडायचं नाही.

हो हो, उठतोय. प्रश्न खाली चहाच्या वेळी विचारा.