पोरं झोपलेली नसतात

आमच्या समुपदेशन केंद्रात बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला बोलावलं की एक वाक्य हमखास येतं, "मॅडम, आमचं काय असेल ते असेल, पण पोरांसमोर नाही, पोरं झोपलेली असतात." कधीकधी बाईपण हेच म्हणते. माना हलतायत, म्हणजे तुम्हीपण ऐकलंय. आता मला सांगा, दोन खोल्यांच्या घरात डब्याचं झाकण पडलं तरी शेजारच्या आजी उठून बसतात आणि त्याच घरातली पोरं तेवढी गाढ झोपतात? हसा, पण घरी जाऊन विचार करा यावर.

चौथीतला एक मुलगा होता. शाळेत पेंगायचा, घरी जायची वेळ झाली की पोट दुखतं म्हणायचा. शाळेनं काय करावं, तर डायरीत लाल पेनानं लिहिलं, मुलगा रात्री मोबाईल बघतो, पालकांची सही आणणे. अहो, घरात मोबाईल एकच आणि तो बापाच्या खिशात! डायरी बापापुढे गेली आणि त्या रात्री मार बसला आईला, तुझं पोरांकडं लक्ष नाही म्हणून. मुलाच्या डोक्यात काय बसलं? आईला माझ्यामुळे मारलं. मला याचा अजून संताप येतो. वर्गात पोरं खूप असतात, मान्य, पण एकदा जवळ घेऊन विचारायचं ना, बाळा झोप का होत नाही? आमच्याकडे चित्रं काढता काढता त्यानं सांगितलं, बाबांची गाडी स्टँडला जोरात आपटली की तो धाकट्या बहिणीला घेऊन मोरीत जातो आणि नळ सोडतो, तिला आवाज येऊ नये म्हणून. नऊ वर्षांचं पोर. आणि नातेवाईक कौतुक करायचे, किती समंजस आहे! असला समंजसपणा दिसला की मला धास्ती वाटते.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं राहिलीत, म्हणून पत्रिकेत छापलेला विषय, घरातल्या मारहाणीचा मुलांवर होणारा परिणाम, आता भराभर सांगते.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी जवळपास 29 टक्के बायकांनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलंय. त्या घरांतली पोरं मोजा. लहानगी अंथरूण ओलं करतात, बोलताना अडखळतात, आईला सोडत नाहीत. मोठी एकतर मारकुटी होतात नाहीतर गप्प, अभ्यास मागे पडतो, वयात आलेला मुलगा मध्ये पडतो आणि मार खातो. 1998 साली अमेरिकेत फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा मोठा अभ्यास आला, त्यात आईला मार खाताना बघणं हा बालपणीच्या आघातांमध्येच धरलाय, आणि असे आघात जितके जास्त तितकं पुढे नैराश्य, हृदयविकार जास्त, असं दिसलं. पण बापासारखाच होणार असं पोराला चुकूनसुद्धा म्हणू नका, बरीचशी मुलं तशी होत नाहीत, एक भरवशाचं मोठं माणूस मिळालं तरी खूप फरक पडतो.

आपल्या 2005 च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात पीडित व्यक्ती म्हणजे बाई, मूल तिच्यामागून येतं. कलम 21 खाली मुलाचा तात्पुरता ताबा मिळतो, बापाची भेट मुलाच्या हिताची नसेल तर कोर्ट ती नाकारू शकतं, बायकांना हे माहीतच नसतं. ब्रिटननं 2021 मध्ये असं बघणाऱ्या, ऐकणाऱ्या मुलालाच कायद्यानं पीडित मानलं, आपल्याकडंही हे व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

शिक्षक बसलेत इथं, त्यांना हात जोडून सांगते, डायरीत लिहू नका, आईला एकटीला बोलावा. मुलांसाठी 1098, बाईसाठी 181, दोन्ही नंबर रात्रीपण चालू असतात. चला, प्रश्न घेऊया, मागच्या ताईंनी मघाशीच हात वर केलाय.