दोरी धनुष्याची, नाव खिशाचं

(दृश्य: ताणलेलं धनुष्य. त्याच्या कमानीवरून हळूहळू पूर्ण वर्तुळ उमटतं.)

कमान म्हणजे धनुष्य, आणि तिची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे दोरी. दोरीला संस्कृतात ज्या म्हणतात, किंवा जीवा. वर्तुळाची 'जीवा' भूमितीत आपण आजही शिकतो. पुढे त्रिकोणमितीत 'साइन' हा शब्द भेटतो तेव्हा तो परका वाटतो. पण तो जीवेच्याच घरचा आहे.

इसवी सन ४९९ मधल्या 'आर्यभटीया'त आर्यभटानं अर्धी दोरी हिशेबात घेतली: अर्धज्या, आजच्या साइनचं मूळ. वापरता वापरता 'अर्ध' गळालं, उरली नुसती ज्या. चोवीस ज्यांमधले फरक त्यानं एका श्लोकात बसवले. श्लोक सुरू होतो 'मखि' या दोन अक्षरांनी. आर्यभटाच्या पद्धतीत अक्षरं आकडे दाखवतात: म म्हणजे २५, खि म्हणजे २००, झाले २२५, हा पहिला फरक. अख्खं कोष्टक पाठ म्हणता येतं! या दोन अक्षरांपाशी मी दरवेळी थांबतो.

आठव्या शतकात हे गणित बगदादला पोचलं. तिथल्या विद्वानांनी 'जीवा' कानावर पडली तशीच उचलली: 'जीबा'. अरबी लिखाणात ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीत नाहीत. कागदावर राहिली ज, य, ब ही तीन अक्षरं. 'जीबा'ला अरबीत काहीच अर्थ नव्हता. तीच अक्षरं 'जैब' अशी वाचली, की मात्र ओळखीचा शब्द होतो: अंगरख्याचा गळा, छातीपाशी पडणारी घडी.

बाराव्या शतकात स्पेनमध्ये अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये उतरू लागले. भाषांतरकारांनी 'जैब'चा अर्थ पाहून लॅटिन शब्द दिला, 'सायनस'. घडी, पोकळी, आखात. त्यांनी अर्थ बरोबरच लावला होता. दोरी त्याआधीच, वाचताना सुटली होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत त्याचा 'साइन' झाला. नाकाशेजारच्या पोकळ्यांना डॉक्टर सायनस म्हणतात, तोही हाच शब्द.

'कोसाइन'मधला 'को' आपल्या कोटिज्येतून, म्हणजे कोसाइनच्या संस्कृत नावातून आला, असं काही जण सांगतात. मोह होतो खरा, पण तसं नाही. तो लॅटिनमध्येच जोडला गेला, कोटिकोनाचा (९० अंश पुरे करणाऱ्या कोनाचा) सायनस या अर्थानं.

अरबी गणितात साइनला अजूनही 'जैब'च म्हणतात. आणि हिंदीतली 'जेब', म्हणजे खिसा? तीही या 'जैब'मधूनच आली, फारसीच्या वाटेनं.