खाणीचं विष अन् खालचा देश

नमस्कार मंडळी. आज नदीबद्दल बोलायचंय, पण आपल्या नाही, लई लांबच्या. एकच नदी दोन देशातून जात असली की वरच्यानं खालच्याला टायमावर कळवायचं, मुद्दा एवढाच.

तर किस्सा ऐका. रोमानियात बाया मारे म्हणून शहर आहे, तिथं खाणीच्या जुन्या गाळातून सोनं काढायचं काम चालायचं, त्याला सायनाइड लागतं, अन् ते वापरलेलं पाणी बांध घालून तळ्यात साठवलेलं. २००० सालचा जानेवारी, वरून पाऊस, त्यात बर्फ वितळायलेला, तळं भरत भरत गेलं अन् ३० तारखेला रात्री बांधच फुटला. जवळपास १ लाख घनमीटर विषारी पाणी सुटलं की! सोमेश नदीतून हंगेरीतल्या टिसात, तिथून पुढं थेट डॅन्यूबला. हंगेरीत हजार टनाच्या वर मासे मेले. पण माणूस एकही दगावला नाही. कामून? वरच्यानं खालच्याला कळवलं होतं. डॅन्यूबकाठच्या देशांनी १९९४ लाच सोफियात करार केलेला, इशारा द्यायची यंत्रणा उभी होती, त्यामुळं हंगेरीवाल्यांनी विष पोचायच्या आधी टिसाच्या मोठ्या तळ्याची दारं तात्पुरती लावून घेतली. परत सांगतो, कळवलं म्हणून टाइम भेटला. नाहीतर आपल्याकडं धरणाचं गेट उघडल्याचं आधी व्हॉट्सअपवर येतं, तेही मागच्या वर्षीच्या व्हिडिओसकट. त्या फॉरवर्डवाल्यांचं काय करावं ते मला तरी कळत नाही.

आपलं भांडण दोन राज्यांचं, वर महाराष्ट्र, खाली तेलंगणा. गोदावरीवरच्या आपल्या बाभळी बंधाऱ्याचं तुम्हाला माहीतच आहे, सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालानं १ जुलै ते २८ ऑक्टोबर दारं उघडी ठेवायची. पण तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचं बॅकवॉटर, म्हणजे मागं तुंबलेलं पाणी, आपल्या धर्माबाद, बिलोलीच्या शिवारात घुसतं तेव्हा गोष्ट उलटी होते, तिथं खालच्यानं वरच्याला कळवायला पाहिजे की बाबा आमची दारं कधी उघडणार, पाण्याच्या मोटारी तरी काढून घेता येतील.

अन् वाळू! मांजरा नदीची लाल वाळू हायवा भरभरून चाललीय, पात्रात नुसते खड्डे. मोठी मोठी घरं बांधायची हौस, राहणारी माणसं तीन, त्यातलं पोरगं पुण्याला. असो. पुराच्या पाण्यात ते खड्डे दिसत नाहीत, पोरांना अन् बैलांना सध्या नदीत उतरवू नका.