जामीनदार म्हणून सही करताय? आधी माझी पगाराची स्लिप बघा

नमस्कार. आवाज येते का नीट? मागं कोंबड्या ओरडून राहिल्या, त्याले माझा इलाज नाही. रविवार आहे, सगळे घरी आहेत, पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येते म्हणून तो बंद केला, म्हणजे मी घामानं भिजायच्या आत हा व्हिडिओ संपवायचा आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी, मी यवतमाळ जिल्ह्यात, घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, एक मी आणि एक सर, आणि सर अर्धा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात. पण आज शाळेचं नाही, या कागदाचं बोलायचं आहे. थांबा, जवळ धरते. दिसते का आता? पगाराची स्लिप.

गावात म्हणतात, मॅडमले काय कमी, एक तारीख आली की पैसे पडले. एक तर ते एक तारखेला पडत नाहीत, शालार्थवर, म्हणजे पगाराच्या सरकारी वेबसाइटवर, बिल जाते, मग पंचायत समिती, मग जिल्हा परिषद, मग कोषागार, कुठं एक सही अडली की किराणावाल्याले तोंड दाखवायची सोय राहत नाही. ते जाऊ द्या. वर बघा, मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं सगळं धरून 64 हजार. मी 2010 मध्ये शिक्षण सेवक म्हणून लागली तेव्हा मानधन 3 हजार रुपये होतं, महिन्याचं, आणि तीन वर्षं तसंच काढायचं असते. (आता नवीन पोरांना 16 हजार भेटतात, 2023 पासून.) त्या मानानं 64 हजार म्हणजे लयच झाले की. आता खाली या.

पेन्शनच्या नावानं 6 हजार कटतात. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के आपले कापतात आणि 14 टक्के सरकार टाकते. मग व्यवसाय कर 200, फेब्रुवारीत 300. एलआयसी 1100. घर बांधलं त्याचा बँकेचा हप्ता 12 हजार, आणि त्यात स्लॅबले कमी पडले म्हणून शिक्षकांच्या पतसंस्थेचं कर्ज उचललं, त्याचे 8500. इथपर्यंत सगळं माझं, माझ्या डोक्यानं घेतलेलं, कोणाले दोष नाही.

आणि ही खालची ओळ. 4300. हे कर्ज माझं नाही. यातला एक रुपया माझ्या हातात कधी आला नाही. हातात येतात 31 हजार 900, आणि या ओळीमुळंच मी आज कॅमेऱ्यासमोर बसली आहे.

झालं असं की काही वर्षांआधी एक प्रशिक्षण होतं, तालुक्याच्या ठिकाणी. दुपारच्या जेवणानंतर चहाच्या टपरीवर सोबतचे एक सर आले, म्हणे मॅडम एक सही पाहिजे होती, पोरीचं लग्न आहे, पतसंस्थेतून उचलून राहिलो, दोन जामीनदार लागतात, एक झाला. सर म्हणजे आमच्या केंद्रातला, आसपासच्या शाळांच्या गटातला, सगळ्यात सरळ माणूस, माझं पोट्टं आजारी होतं तेव्हा याच सरांनी माझा वर्ग सांभाळला होता. मी कागद वाचला नाही. खरं सांगते, टपरीच्या टेबलावर चहाचा ओला डाग होता, मी तेवढं पाहिलं की कागद ओला होऊ नये, आणि जिथं पेन्सिलनं फुली मारली होती तिथं सही केली. चार ठिकाणी. मनात काय होतं? की आपण साक्षीदार आहोत, हे सर चांगले आहेत एवढं आपण सांगून राहिलो, बस.

तर ऐका, जामीनदार म्हणजे साक्षीदार नाही. हे मले कोणी तेव्हा सांगितलं असतं तर. भारतीय करार कायदा आहे, 1872 सालचा, त्यात कलम 128 आहे, आणि त्याचा साधा अर्थ असा की मूळ कर्जदाराची जेवढी जबाबदारी तेवढीच जामीनदाराची. म्हणजे आधी त्याच्या मागं लागतील, त्याचं घर-वावर पाहतील आणि मग कधीतरी आपल्याकडं येतील, असं काही नसते. पहिल्याच दिवशी सरळ तुमच्याकडं येऊ शकतात. आणि तुमच्याकडंच येतात, कारण तुमचा पगार नियमित आहे, पळून जायची सोय नाही.

आता पगारातून कापतात कसे, कोर्टात न जाता? इथं गंमत आहे. त्या चार सह्यांमधली एक संमतीपत्राची असते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, कलम 49. सभासदानं लिहून दिलं की माझ्या पगारातून कापा, तर संस्था आपण नोकरी करतो त्या कार्यालयाले मागणीपत्र पाठवते आणि कार्यालयाले कापून द्यावं लागते. कोर्टातून पगारावर जप्ती आली तर दिवाणी प्रक्रिया संहिता तरी थोडी दया करते, पहिले 1000 रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीच्याले हात लावते. पण आपणच लिहून दिलेल्या संमतीले कशाची दया? याच सहकारी कायद्यात कलम 101 चा वसुली दाखलाही आहे, तो निघाला की जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. आणि ते कर्ज थकलं की तुमच्या सिबिलमध्येही, म्हणजे बँका बघतात त्या कर्जाच्या नोंदीत, दिसू शकते. मी बँकेत स्कूटीच्या लोनसाठी गेली तेव्हा मॅनेजर म्हणाले, मॅडम तुमच्या नावावर एक थकीत खातं दिसते. मी म्हटलं माझं नाही हो ते. ते म्हणाले, सही तर तुमचीच आहे.

सर बुडवे नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण कोणी ना कोणी लिहीलच की असे लोक असतातच. पोरीचं लग्न झालं, दीड वर्ष हप्ते बरोबर गेले, मग त्यांची तब्येत बिघडली. नागपूरच्या चकरा, रजा संपल्या, मग बिनपगारी. पगारच नाही तर हप्ता कशातून कापणार? मग संस्था जामीनदारांकडं वळली, नियमानं वळली. माझे 4300 आणि दुसऱ्या सरांचे 4300. हे जे अर्धं-अर्धं झालं ते आपोआप नाही झालं बरं का. करार कायद्यात आहे, कलम 146, जामीनदार दोन असले तर आपसात सारखा वाटा, पण संस्था एकाकडूनही पूर्ण वसूल करू शकते, मग त्यानं दुसऱ्याकडं मागत फिरायचं. आम्ही दोघं सोबत जाऊन अर्ज दिला, बसून बोललो, तेव्हा झालं. तुमच्यावर अशी वेळ आली तर पहिलं काम हेच करा, घरी रडत बसू नका, दुसऱ्या जामीनदाराले फोन लावा. आणि भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती ठेवा, कारण जेवढं आपण भरलं तेवढं मूळ कर्जदाराकडून मागायचा हक्क आपल्याले असते. मिळते की नाही तो पुढचा विषय, हक्क असते.

आता घरचं. हे सांगू की नको असा विचार चालला होता, यांना विचारलं, हे म्हणाले सांग, गावाले तसंही माहीतच आहे.

मागच्या दिवाळीत मामाजी, म्हणजे माझे सासरे, जेवायले बसले असताना म्हणाले, मोठ्याले 3 लाख पाहिजे, एक फायनान्सवाला देऊन राहिला, सूनबाईची सही लागते. मोठे म्हणजे माझे भासरे, यांचे मोठे भाऊ. त्यांचं गणित मले माहीत आहे, सहा एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि पऱ्हाटी, म्हणजे कापूस, मधात तुरीचे तास. 2024 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलले 4892 होता आणि आमच्या घरचं 4 हजारानं गेलं, कारण ओलावा जास्त आहे म्हणून खरेदी केंद्रावरून परत आणलं आणि थांबायची ताकद नव्हती. कृषी केंद्राची उधारी, वरून पोराची नागपूरची इंजिनिअरिंगची फी. माणूस मेहनती आहे. दारूचा थेंब नाही. आणि तरी मी म्हटलं, मामाजी, मी सही नाही करत.

ताटात आलूवांग्याची भाजी होती, ती तशीच राहिली. मामाजी हात धुवून उठले, आत्याबाई, म्हणजे सासूबाई, माझ्याकडं बघत नव्हत्या, आणि हे, म्हणजे आमचे साहेब, भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये काहीतरी शोधून राहिले होते. पंधरा दिवस मामाजी माझ्याशी बोलले नाहीत. चहा ठेवला की म्हणायचे, ठेव तिथं. बस. माझी पोरगी मले विचारे, मम्मी आबा काऊन असे करते?

मले वाईट वाटलं का? लय वाटलं. पण नाही म्हणून मोकळं व्हायचं नव्हतं, म्हणून मी एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर भासऱ्यांना घेऊन बँकेत गेली. त्या 3 लाखाचे तुकडे करून पाहिले. पोराच्या फीसाठी शैक्षणिक कर्ज, 4 लाखापर्यंत बाहेरचा जामीनदार लागत नाही, आई-बाप सहकर्जदार म्हणून चालतात, हे कोणाले माहीतच नव्हतं. शेतीसाठी पीक कर्ज, ते दोन वर्षांआधी थकवून ठेवलं होतं म्हणून नवीन भेटत नव्हतं. पीक कर्जाले 1 जानेवारी 2025 पासून 2 लाखापर्यंत तारण लागत नाही, आणि मुदतीत भरलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत 3 लाखापर्यंत व्याज शून्य पडते. पंजाबराव आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री होते, आणि त्यांच्या नावाची योजना आपल्याच घरात कोणाले माहीत नाही. फायनान्सवाल्याचं व्याज किती होतं ते मी इथं सांगत नाही, भासरे व्हिडिओ बघतात.

जुनी थकबाकी भरल्याशिवाय नवीन होत नव्हतं, त्यासाठी मी 40 हजार दिले. माझ्या भिशीचे. देताना यांना सांगून दिले की हे परत येतील असं समजून देत नाही आहे. माझा आता हाच हिशोब आहे बघा, जेवढे बुडाले तरी घरात भांडण होणार नाही तेवढे हातात द्यायचे, सही नाही द्यायची. 40 हजार गेले तर 40 हजारच जातात, सहीचं किती जाईल ते कागद ठरवते.

शैक्षणिक कर्ज एकदम नाही झालं, चार चकरा झाल्या, उत्पन्नाच्या दाखल्यावर नाव चुकलं, ते सगळं झालं. मामाजी कधी बोलायले लागले? सीतादहीच्या दिवशी. कापूस वेचायच्या आधी वावरात पूजा असते नं, दहीभात नेतो आपण, तर म्हणाले सूनबाई, तूच टाक पहिला घास. मी टाकला. बाकी काही बोलणं झालं नाही.

एक राहिलं. पुष्कळ जण विचारतात, सही करून झाली आहे, आता काय. तर आधी त्या जामिनाच्या बाँडची कॉपी मागा, तुमचा हक्क आहे. व्याजदर, मुदत, रक्कम तुम्हाले न विचारता बदलली असेल तर करार कायद्याच्या कलम 133 प्रमाणे त्यानंतरच्या व्यवहारातून जामीनदार सुटते, पण फॉर्मवर बारीक अक्षरात "सर्व बदल मान्य" आधीच लिहून घेतलेलं असते, म्हणून वाचा, नाही समजलं तर वकिलाले दाखवा. मी वकील नाही, चौथीले भागाकार शिकवते.

माझे अजून 11 हप्ते राहिले. सर आता घरीच असतात, थोडं वावर आहे ते पोरगा पाहते. दर महिन्याच्या दहा तारखेच्या आसपास फोनपेवर त्यांचे 500 रुपये येतात. मेसेज नाही, काही नाही, नुसते 500. मागच्या महिन्यात 700 आले. मी फोन लावला, म्हटलं सर, 200 जास्त आले.

ते म्हणाले, तूर विकली मॅडम.